उसनं रडणं

ढाणकीत लग्नाचा हंगाम आला की देवीलाल शूटिंगवाल्याच्या घरी स्वयंपाक होत नसे. सगळं जेवण बाहेरच. पण लग्न लागलं, पंगती उठल्या की आचारी मोकळा, बँडवाला मोकळा, मांडववाला मोकळा, आणि देवीलालचं काम तिथून सुरू. कारण लग्न जसं झालं तसं कुणालाच नको असायचं. जसं व्हायला पाहिजे होतं तसं पाहिजे असायचं, आणि ते बसस्टँडसमोर 'देवी व्हिडिओ मिक्सिंग'मधे मिळायचं.

सुरुवातीला हा माल फार बेताचा होता. दोन व्हीसीआर, मधे मिक्सरचा एक डबा, आणि बटणावर देवीलालचा अंगठा. एका मशीनवर लग्न चालवायचं, दुसऱ्यावर उतरवून घ्यायचं, नको तो माणूस आला की अंगठा दाबायचा. अंगठ्याला जरा उशीर झाला की पिऊन नाचणाऱ्या मामांच्या दोन गिरक्या राहून जात. नावं टाकायची तर थर्माकोलची अक्षरं कापून निळ्या मखमलीवर टाचायची आणि त्यांचंच शूटिंग करायचं. नातेवाइकांसाठी कॉपीवरून कॉपी काढली की तिसऱ्या कॉपीत सगळी वरात पाण्याखालून चालल्यासारखी दिसे. पण एक होतं. त्या कॅसेटमधे जे दिसे ते बहुतेक झालेलं असे.

मग नांदेडहून कॉम्प्युटर आला. त्यातलं सॉफ्टवेअर कुणा मित्राच्या मित्रानं कोऱ्या सीडीवर उतरवून दिलेलं. त्याचं खरं नाव देवीलालला कधी नीट वाचता आलं नाही. सीडीवर पेननं 'लग्न ३' लिहिलं होतं, म्हणून सगळे त्याला तेच म्हणत. पुढं 'लग्न ४' आलं, मग 'लग्न ५ फुल'. तीनमधे पान उलटून पुढचा सीन यायचा. चारमधे बदामातून नवरी निघायची. पाचमधे मागचा मांडव पुसून तिथं बर्फ टाकता यायचा. लोकांना यातलं काही कळत नव्हतं, आकडा मात्र बरोबर कळत होता. "शेजाऱ्याचं चारमधे झालं, आमचं पाचमधेच पायजे," म्हणत मुलांचे बाप दुकानात येऊन बसायचे. कापसाचा भाव पडला त्या साली बर्फाची मागणी वाढली. ज्याचा कापूस अजून घरात आढ्याला टेकलेला, त्याचाही पोरगा बायकोसकट स्वित्झर्लंडला जाऊन आला, पायात रबरी चपला घालून.

कॉम्प्युटरची आणखी एक सोय होती. कापलेलं फेकावं लागत नसे. देवीलालनं त्याचे फोल्डर केले होते. 'नाचणं', 'पंगत', 'म्हातारे', 'हत्ती' (हत्ती एकच, पण उमरखेड तालुक्यातल्या निम्म्या वरातींत तो चालून गेला होता), आणि 'रडणं'.

'रडणं' सगळ्यात जास्त चाले. पाठवणीला नवरीची आई रडली नाही तर लोक बोलतात. आणि काही आया खरंच रडत नाहीत. थकलेल्या असतात, नाहीतर मनातून सुटलेल्या असतात. अशा वेळी देवीलाल दुसऱ्या लग्नातलं रडणं आणून बसवी. पाठमोरं, बाजूचं, पदराआडचं. घरचे लोक सीडी बघताना आधी चुळबूळ करत, मग एकेक जण डोळे पुसू लागे, आणि शेवटी त्या आईलाही आठवे की हो, आपण रडलो होतो. उसनं दिलेलं रडणं कुणी कधी परत मागायला आलं नाही, म्हणून देवीलालला त्यात काही वावगं वाटलं नाही.

या फोल्डरमधला अव्वल माल इंदूबाईचा होता. इंदूबाई म्हणजे विठ्ठलरावांची बायको. खाऊनपिऊन बरं घर, लेक अर्पिता दारव्ह्याला दिलेली. अर्पिताच्या पाठवणीला इंदूबाई अशी रडली की बँडवाल्यानं वाजवणं थांबवलं. ती स्वतः त्याचं कारण सांगायची.

"अर्धी अर्पीसाठी रडली वो, अन् अर्धी तुपाच्या डब्यासाठी. तिकडं जीप निघाली, इकडं आचाऱ्याचे लोक डबा घेऊन चालले. मले काही दोन्हीकडं धावता येईना."

कारण काही असो, रडणं अस्सल उतरलं होतं. मान मागे गेलेली, तोंड अर्धं उघडं, हात हवेत. देवीलाल म्हणायचा, अशी चीज पाच वर्षांत एकदा सापडते.

साल दोन हजार सहा. कापसाची वाईट वर्षं चालू होती आणि जिल्ह्यात व्यापाऱ्यांपेक्षा पत्रकार जास्त फिरत होते. पांढऱ्या गाड्या गावात शिरायच्या, ज्या घरी मरण झालं त्या घराचा पत्ता विचारायच्या, तासाभरात निघून जायच्या. हॉटेलवाल्यांना त्यांची इतकी सवय झाली होती की लांबून गाडी दिसली की बिनसाखरेचा चहा टाकत.

दिल्लीच्या एका वाहिनीसाठी काम करणारा यवतमाळचा एक बातमीदार असाच एका दुपारी देवीलालच्या दुकानात शिरला. त्याला तिथंच टेप कापून, सीडीत भरून, नागपूरच्या गाडीत टाकायची होती. देवीलालनं टेप लावली. एक तरुण बाई दारात बसलेली. नवरा जाऊन महिनाही झाला नव्हता. तिनं आधी उठून या लोकांना पाणी आणून दिलं, मग लेकराला मांडीवर घेऊन विचारलं तेवढ्याला उत्तर दिलं. बातमीदारानं पुन्हा पुन्हा विचारलं, "याद येते का?" ती म्हणाली, "येते." बस.

"रडलीच नाही यार," बातमीदार कपाळाला हात लावून म्हणाला. "दिल्लीवाले म्हणतात विजुअल कमजोर आहे. तुझ्याकडं काही रडणं आहे का?"

देवीलालला आपल्या दुकानाचा अभिमान वाटला. "हाये ना साहेब. कोनतं देऊ? एकटं का घोळक्यातलं?"

त्यानं इंदूबाई काढून दाखवली. बातमीदार खुर्चीत पुढं सरकला. वरची झालर कापली, मागच्या जीपमधलं नवरीचं डोकं कापलं, बँड मुका केला. हातातला हिरवा चुडा मात्र दिसत होता. "रंगच काढून टाक," बातमीदार म्हणाला. देवीलालनं रंग काढला. हिरवा चुडा करडा झाला. कुंकू काळं झालं. वेग अर्ध्यावर आणला. झालं.

नंतर लोकांनी देवीलालला विचारलं की तुला अक्कल नव्हती का. तेव्हा त्यानं अगदी मनापासून सांगितलं, "मले वाटलं, दिल्लीची वाहिनी हाये, दिल्लीत दाखवतीन. तिकडं इंदूकाकूले कोन वयखते?"

रविवारी संध्याकाळी विठ्ठलराव बसस्टँडवरच्या हॉटेलात भजी खात बसले होते. टीव्ही चालू होता. पडद्यावर आधी कापूस आला, मग पाणी देणारी बाई, आणि मग काळ्यापांढऱ्या रंगात, हळूहळू मान मागे टाकत, इंदूबाई. मागून जड आवाजात कुणी हिंदीत सांगत होतं, "उसका सुहाग इस सफ़ेद सोने ने छीन लिया।"

विठ्ठलरावांचा हात भज्यावर थांबला. "अबे, ही तं आमची हाये!"

शेजारच्यानं आधी टीव्हीकडं पाहिलं, मग विठ्ठलरावांकडं. "मंग तुमी कोन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं विठ्ठलरावांची बहीण मोतीबाई उमरखेडहून आली. बसस्टँडपासूनच गळा काढून आली. गल्लीतल्या बायका दारात आल्या. विठ्ठलराव दात घासत ओट्यावर उभे होते.

"काहून वो मोते, कोन गेलं?"

मोतीबाईनं त्यांना पाहिलं, एक क्षण थांबली, आणि पुन्हा रडू लागली. एवढा प्रवास करून आली होती, मधेच थांबणार कशी? रडणं पूर्ण करून, तोंड धुऊन मग तिनं विचारलं, "तू जिता हाये तं फोन काहून नाही केला?"

"मी जिता हाये म्हनून कोनाकोनाले फोन करू, सांग?"

आठवडाभर हेच चाललं. विठ्ठलरावांना हे तितकंसं वाईट वाटत नव्हतं, हे सांगायला हवं. जिवंतपणी ज्यांनी त्यांना रामराम घातला नव्हता ते आता दारात येऊन म्हणत होते की असा सरळ माणूस पंचक्रोशीत नव्हता. विठ्ठलराव ऐकून घेत, चहा पाजत, आणि निघताना त्यांना वेशीपर्यंत पोचवायला जात.

खरी अडचण बुधवारी आली. ती थोरल्या जाऊबाईंच्या, म्हणजे मैनाबाईंच्या पायानं आली. मैनाबाई ही विठ्ठलरावांचे थोरले भाऊ रामराव यांची बायको. त्यांच्या मुलाचं, नयनचं लग्न तोंडावर होतं. विठ्ठलराव बाजेवर चहा पीत होते. मैनाबाई इंदूबाईजवळ खाली टेकली.

"इंदू, तसं काही नाही," ती म्हणाली, म्हणजे तसंच काहीतरी होतं.

"बोला ना मोठ्या बाई."

"नयनच्या हयदीचं म्हनत होती."

"हयद दयून ठेवली मी. चाळनीतून काढली. पाह्यता काय?"

"ते ठीक हाये वो. आपल्या घरात पोराले पयली हयद काकू लावते, तेही मले माहीत हाये. पन यंदा मोतीबाईनं लावली तं?"

इंदूबाईनं हातातली वाटी खाली ठेवली. "काहून?"

"त्याची सासरवाडी पुसदची. शिकले सवरलेले लोक. टीव्ही पाह्यते. उद्या सीडीत तुयाच हात पयले दिसला तं म्हनतीन, ही तं ती टीव्हीतली, नवरा गेलेली. आमच्या जवायाले हिनं हयद लावली?"

बाजेवरून विठ्ठलराव म्हणाले, "वयनी, मी इथंच बसून राह्यलो."

"तुमी घरात बसून राह्यले भाऊजी," मैनाबाई म्हणाली. "टीव्हीत कुठं हाये?"

विठ्ठलरावांनी चहा संपवला.

इंदूबाईला ही रीत कधी खुपली नव्हती. मागच्या वर्षी पुतणीच्या हळदीत तिनंच नात्यातल्या एका विधवा बाईला गोड बोलून मागच्या खोलीत पोळ्या लाटायला बसवलं होतं, आणि रात्री शांत झोपली होती. आता पोळपाट तिच्याकडं सरकत होता. नयनला तिनं अंगाखांद्यावर खेळवलं होतं, त्याची पहिली हळद तिची होती, आणि ती एका चांगल्या रडण्यापायी हातची जात होती.

ती पदर खोचून थेट देवीलालच्या दुकानात गेली.

देवीलाल तिला पाहून उभा राहिला. "याडी!" त्याच्या तोंडून निघालं, म्हणजे आई गं. मग त्यानं खुर्ची पुसून दिली. "काकू, मले माफ करा. चूक झाली."

"माफी तुयापाशीच ठेव. त्या लोकाईले फोन लाव. म्हन, बाईचा नवरा जिता हाये, तसं दाखवा."

देवीलालनं बातमीदाराला फोन लावला, आवाज मोठा करून. बातमीदार सभ्यपणे म्हणाला, "मावशी, तुमचे मिस्टर जिवंत आहेत याचा आनंद आहे. पण जिवंत माणसाची बातमी होत नाही."

फोन ठेवल्यावर देवीलाल म्हणाला, "आपन गावच्या केबलवर टाकू. पुसद, उमरखेड, सगयीकडं दिसते. एका मिनिटात सगयाईले कयते की काका सुखरूप हाये."

पण सॉफ्टवेअरमधे तयार साचे होते ते तीनच: लग्न, वाढदिवस आणि श्रद्धांजली. नुसत्या जिवंत माणसाचा साचा लग्न पाचमधेही नव्हता.

"लग्नाचा लावला तं दुसरी नवरी पायजे," देवीलाल म्हणाला.

"लाव तं खरं," इंदूबाई म्हणाली.

वाढदिवसाला तारीख लागते. विठ्ठलरावांना आपण कापूस वेचणीच्या दिवसांत जन्मलो एवढंच माहीत होतं. उरला तिसरा. देवीलालनं त्यातली समई काढली, हार काढला, खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'विठ्ठलराव सुखरूप आहेत'. मात्र फोटो हळूहळू जवळ येणं आणि वरून पाकळ्या पडणं त्या साच्यातच होतं, ते त्याच्यानं निघेना.

काम चालू असताना इंदूबाई शेजारी बसून बघत होती. देवीलाल मधेच दुसऱ्या एका वरातीतून पिलेला माणूस उडवत होता. दोनदा माऊस दाबला की माणूस नाही. तिनं आपलं रडणं दाखवायला सांगितलं. त्यानं दाखवलं. मागोमाग ती पाणी देणारी बाईही आली.

"ही काहून रडली नाही?"

"रडली नाही म्हनून तं तुमची लावली ना काकू."

इंदूबाईनं ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. ती बाई पुन्हा उठली, तांब्या आणला, लेकराला मांडीवर घेतलं. मग इंदूबाई एकदम म्हणाली, "तुले सगयंच काढता येते काय रे? हा पिदाडा काढला तसा?"

"एका जागी हाये ते काढतो. जे सगयीकडं हाये त्याले काय करू? मागं एका नवरदेवाच्या गालावर केसतोड होतं. हयदीपासून पाठवनीपर्यंत प्रत्येक सीनमधे केसतोड. त्याच्या बापानं लय बोंबाबोंब केली. म्हटलं, बापू, केसतोड काढाचं तं नवरदेवच काढा लागते."

केबलवरची जाहिरात दोन दिवस चालली. हॉटेलांत टीव्हीचा आवाज बंद असे, आणि अक्षरं वाचायच्या आधी पाकळ्या दिसत. तिसऱ्या दिवशी ढाणकीच्या आठवडी बाजारात विठ्ठलराव वांगी घेत असताना एका माणसानं मागून येऊन त्यांनाच विचारलं की विठ्ठलरावांना मुलगा होता का, कारण क्रियाकर्म कुणी केलं हे त्याला कळेना. ज्यांना आतापर्यंत शंका होती त्यांचीही विठ्ठलराव गेल्याची खात्री पटली.

हळदीच्या सकाळी रामरावांच्या अंगणात मांडव पडला होता. नयन पांढरी बनियन घालून पाटावर बसला होता, डोक्याला मुंडावळ्या, चेहऱ्यावर आपण इथं का आहोत असा भाव. बायकांनी हळदीचं ताट आणि आंब्याची पानं मांडली. आमच्याकडं सवाष्णी पानानं हळद लावतात, गालाला टेकवल्यासारखी, थेंबभर. हातानं नाही. आणि लावलेली हळद नवरदेवाची आंघोळ होईपर्यंत कुणी पुसत नाही. पुसली तर अपशकुन. हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कुणी बोलून दाखवत नाही.

देवीलाल कॅमेरा खांद्यावर घेऊन समोर उभा होता. मैनाबाईनं मधला मार्ग काढला होता. चारचौघांत जावेला पाटाजवळून उठवणं बरं दिसत नव्हतं, रामरावही चिडले असते. म्हणून तिनं इंदूबाईला हसून बोलावलं, "ये इंदू, पयला मान तुयाच," आणि पदराआडून देवीलालकडं बघत दोन बोटं कात्रीसारखी हलवली.

देवीलालनं मान हलवली. इंदूबाईनं ती बोटं पाहिली.

ती पुढं आली. मोतीबाईनं तिच्या हातात आंब्याचं पान दिलं. इंदूबाईनं ते पान शांतपणे ताटाच्या कडेला ठेवलं. मग बांगड्या मागे सारल्या आणि उजवा तळवा पाचही बोटांसकट हळदीत असा दाबला की ताट कलंडायला लागलं.

"काकू, पानानं..." नयन म्हणाला.

"गप बस. तू झाला तेव्हा तुले मीच हातानं उचललं होतं, पानानं नाही."

तिनं तळवा त्याच्या गालावर ठेवला आणि दाबून धरला. कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत. "काकू, डोये!" नयन ओरडला. तिनं हात उचलला. गालावर पाच बोटांचा छापा उमटला होता, बोटांच्या रेषांसकट. मग डावा हात भरवला आणि बनियनवर, बरोबर छातीच्या मधोमध मारला. तेल घालून कालवलेली हळद, पांढरं कापड. दुसऱ्या गालावर उरलंसुरलं पुसलं. उठताना तिनं देवीलालकडं पाहिलं.

"आलं काय नीट?"

देवीलालनं कॅमेऱ्यामागून नुसतं "हो" म्हटलं.

त्यानंतर मोतीबाईनं पानानं टिंब लावलं. मैनाबाईनं टिंब लावलं. शेजारणींनी, मावश्यांनी, आत्यांनी ओळीनं येऊन टिंबं लावली. त्या छाप्यापुढं ती टिंबं दिसतच नव्हती. जो येई तो हळद लावताना नयनच्या तोंडाकडं बघे, मग हसू दाबे. मैनाबाईच्या हातात दोनदा ओला पंचा आला आणि दोनदा तिनंच तो खाली ठेवला. आईनंच मुलाची हळद पुसली असं गावभर झालं असतं.

पंधरा-वीस दिवस देवीलाल त्या हळदीवर बसला होता. इंदूबाई पुढं येते, हळद लावते, उठते, हा तुकडा त्यानं पहिल्याच दिवशी उडवला. ते सोपं होतं. पण मग नयन पाटावर बसलेला दिसे, आणि पहिलं पान त्याच्या गालाला लागायच्या आधीच गालावर पाच बोटं. त्यानं चेहरा मोठा केला, तर बोटंच मोठी झाली. लहान केला, तर बनियनवरची दिसली. रंग काढला, तेव्हा नवरदेवाला हळदीच्या दिवशी कुणीतरी काजळीच्या हातानं थोबाडल्यासारखं दिसू लागलं. 'लग्न ५ फुल'मधे गाल गोरा करायची एक खूण होती, ती फिरवली तर छापा सोडून बाकीचा नयन गोरा झाला. मैनाबाई रोज एक फेरी मारायची.

"निंघालं काय रे?"

"काकू, तुमचं पोरगंच निंघून राह्यलं, हात नाही निंघत."

शेवटी त्यानं हात टेकले आणि कापलेला तुकडा परत जागेवर बसवून दिला. छापा ठेवायचाच तर तो आला कुठून हे तरी दिसू दे, असा त्याचा हिशेब. हा त्याच्या धंद्यातला पहिला सीन, जो जसा घडला तसाच सीडीत गेला.

सीडी बघायला पुसदहून सुनेचे आईवडील, मामा, मामी आले. रामरावांच्या घरी मधल्या खोलीत सगळे दाटीवाटीनं बसले. टीव्हीसमोर पुसदचे, त्यांच्यामागं घरचे, भिंतीला टेकून विठ्ठलराव, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर इंदूबाई. वरात गेली, हत्ती गेला. पुसदवाल्यांनी हत्ती कुठला म्हणून विचारलं नाही, त्यांच्याही घरी तोच चालला असावा.

मग हळद आली. पडद्यावर इंदूबाईनं बांगड्या मागे सारल्या. खोलीत हसू फुटलं. पुढं टिंबांमागून टिंबं येत राहिली आणि गालावरची पाच बोटं तशीच. सुनेची आई पुढं वाकून बघू लागली.

"हा हात कोनाचा वो, विहीनबाई?"

मैनाबाईनं रामरावांकडं पाहिलं. रामराव सुपारी कातरत होते. तिनं विठ्ठलरावांकडं पाहिलं. विठ्ठलराव जिवंत होते, आणि टीव्ही बघत होते. इंदूबाई उंबऱ्यावरून उठली नाही. विहीण अजून उत्तराची वाट बघत मान वळवून बसली होती.

"आमच्या इंदूचा," मैनाबाई शेवटी म्हणाली. "माही धाकटी जाऊ. सवाशीन हाये. ते काय, तिचे मालक, तुमच्या मागंच बसले हाये. आमच्या घरात पयली हयद तिचीच असते."

पुसदचे सगळे मागं वळले. विठ्ठलरावांनी हात जोडले.

"जरा मागं घ्या ना," विहीण म्हणाली. "ते हात ठेवलेलं परत पाहू द्या."

रामरावांनी रिमोट मैनाबाईच्या हातात दिला.